खिडकीतल्या पंख्याने घर खरंच गार होतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात सहाव्या मजल्यावर, थेट गच्चीखाली राहतो. आईला एसीची हवा सोसत नाही, सांधे धरतात. म्हणून गेले नऊ उन्हाळे आमचं घर खिडकीत बसवलेल्या एका बारा इंची एक्झॉस्ट फॅनवर गार होतं. मार्च लागला की शेजारचे, नात्यातले तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

थोडक्यात सांगा, घर गार होतं की नाही?

होतं. अट एकच: बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार हवी. पंखा गारवा तयार करत नाही, बाहेर असलेला गारवा आत आणतो आणि आतली ऊब बाहेर टाकतो. बाहेर ३९ आणि घरात ३३ असताना तो लावलात, तर तो इमानेइतबारे ३९ ची हवा घरात भरेल. "आम्हीही लावून बघितला, काही उपयोग नाही" असं सांगणाऱ्यांना मी आधी विचारते की लावला किती वाजता होता. बहुतेकांनी भर दुपारी लावलेला असतो.

छताला पंखा आहेच की. मग हा वेगळा कशाला?

दोघांची कामं वेगळी आहेत. छताचा पंखा घरातलीच हवा फिरवतो. अंगावर वारा आला की घाम लवकर वाळतो आणि आपल्याला गार वाटतं, खोलीचं तापमान मात्र तसूभरही उतरत नाही. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवला तर मोटारीची थोडी ऊब खोलीतच जिरते. खिडकीतला पंखा घरातली हवाच बदलतो, त्यामुळे भिंती, फरशी, गाद्या सगळ्यांची ऊब हळूहळू बाहेर जाते. रात्री आम्ही दोन्ही लावतो: खिडकीतला घरासाठी, छताचा अंगासाठी.

संध्याकाळी बाहेर छान वारा सुटलेला असतो, तरी घरात भट्टी का पेटलेली असते?

रात्री साडेनऊला स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघा. आमच्याकडे एप्रिलमध्ये त्या वेळी स्लॅब तव्यासारखा नाही, पण ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा लागतो. गच्चीवर उन्हाचा तडाखा दुपारी असतो, पण ती उष्णता स्लॅबमधून खाली झिरपायला चार-पाच तास लागतात. बाहेर ऊन उतरतं आणि नेमकी तेव्हाच आत धग उतरते.

एक हिशेब करून बघा. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंच. तिच्यात जेमतेम ४० किलो हवा असते. वरचा पाच इंची स्लॅब भरतो सव्वातीन टनांहून जास्त. हवेला एका अंशाने थंड करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तिच्या सुमारे ७० पट उष्णता नुसत्या स्लॅबला एका अंशाने उतरवायला काढावी लागते. भिंती आणि फरशी तर अजून धरल्याच नाहीत. म्हणून खिडकी उघडून दहा मिनिटं पंखा लावला की हवा बदलते, बरं वाटतं, आणि बंद केल्यावर पंधरा मिनिटांत पुन्हा उकडायला लागतं. हवा नवी आली, पण स्लॅब तोच आहे ना!

पंख्याचं खरं काम रात्रभर चालतं, आणि ते हवेवर नाही, घराच्या काँक्रीटवर चालतं. हे एकदा पटलं की पुढची सगळी उत्तरं आपोआप सुचतात.

किती वाजता लावायचा आणि कधी बंद करायचा?

भिंतीवरचं साधं थर्मामीटर दोन नग आणा. एक घरात, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की पंखा सुरू, वर चढायला लागला की बंद. घड्याळापेक्षा हे भरवशाचं.

तरी अंदाज हवा असेल तर पुण्यात एप्रिलमध्ये आमच्याकडे रात्री आठ-साडेआठला काटा फिरतो. दुपारी ३८ च्या घरात असलेलं पुणं पहाटे २१-२२ पर्यंत उतरतं, म्हणजे दिवस-रात्रीत सोळा-सतरा अंशांचा फरक. ही पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्याची मोठी देणगी आहे, आणि बहुतेक लोक ती खिडक्या लावून झोपून वाया घालवतात. सगळ्यात गार हवा सूर्योदयाच्या सुमारास असते. मध्यरात्री गार वाटलं म्हणून पंखा बंद केला, की उत्तम चार तास हातचे गेले. पांघरूण घ्या, पण पंखा चालू राहू द्या.

सकाळी मात्र उलट शिस्त. आठच्या सुमारास पंखा बंद, खिडक्या बंद, पूर्व-पश्चिमेचे पडदे ओढलेले. "कोंडून कसं घ्यायचं?" असं सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. मी दुपारी दोनला त्यांना गॅलरीत नेलं आणि पुन्हा आत आणलं. बाहेर ३८, आत ३१. त्यानंतर खिडक्या बंद करायची आठवण त्याच करून देतात.

पंख्याने हवा आत ओढायची की बाहेर फेकायची?

मी बाहेर फेकायच्या बाजूची आहे. हवा आत फेकणारा पंखा एकाच खोलीत झोत मारतो, ती खोली गार होते आणि बाकी घर तसंच राहतं. बाहेर फेकणारा पंखा सगळ्या घरातून हवा खेचतो, आणि ती कुठून आत यावी हे तुम्ही खिडक्या उघड्या-बंद ठेवून ठरवू शकता. आमचा पंखा स्वयंपाकघराच्या खिडकीत, पश्चिमेला, जमेल तेवढा उंच आहे. गरम हवा वर चढते, म्हणून काढायची जागा उंच असावी. घ्यायची जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीतली, आणि झोपायच्या खोलीतली.

महत्त्वाची गोष्ट अशी की सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या नाहीत. पंख्याच्या शेजारची खिडकी उघडी राहिली तर हवा तिथूनच आत येते आणि दोन फुटांवरून पंख्यातून परत जाते, घराला तिचा स्पर्शही होत नाही. पंख्यापासून लांबच्या एक-दोन खिडक्या उघडा, मधली दारं उघडी ठेवा, बाकी सगळं बंद.

हवा खरंच फिरते आहे का हे बघायला उदबत्ती घ्या. झोपायच्या खोलीच्या खिडकीशी धरा: धूर आत वळला पाहिजे. मग पॅसेजमध्ये धरा: धुराची रेघ आडवी होऊन स्वयंपाकघराकडे जायला हवी. कुठे धूर सरळ वर जात असेल तर त्या कोपऱ्यात हवा साचलेली आहे. आमच्याकडे बाथरूमच्या दाराशी धूर उलटा आला, तेव्हा कळलं की तिथला झरोका उघडा राहिल्यामुळे सगळा जोर त्यातच जातोय. तो बंद केल्यावर बेडरूमचा पडदा पहिल्यांदा आत फुगला.

केवढा पंखा घ्यावा?

इंचांवर जाऊ नका, खोक्यावर एका तासाला किती घनमीटर हवा टाकतो तो आकडा (सीएमएच) बघा. एकाच मापाच्या दोन पंख्यांत यात बराच फरक असतो. टू-बीएचकेला तासाला हजार घनमीटरच्या पुढचा असावा, आणि तो बहुधा बारा इंचीत मिळतो. बाथरूमचा सहा इंची पंखा वास घालवण्यापुरता असतो.

तासाला हजार घनमीटर हवा बदलली आणि आत-बाहेरच्या हवेत पाच अंशांचा फरक असला, तर पंखा साधारण १.७ किलोवॅट उष्णता बाहेर टाकत असतो. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट काढतो. म्हणजे जवळजवळ अर्ध्या टनाच्या एसीचं काम, तेही चाळीस-पन्नास वॅटमध्ये. घर गार होत जातं तसा फरक कमी होतो आणि हे कामही कमी होतं, पण तोवर पहाट झालेली असते.

आमच्याकडे ग्रील आणि स्लायडिंग खिडकी आहे. बसवायचा कसा?

अमेरिकेत खिडकी खालून वर सरकते, तिथे दोन पंख्यांची तयार जोडी फटीत ठेवून खिडकी वरून दाबून बसवतात. न्यू जर्सीतल्या नणंदेने तसा एक हौसेने पाठवला होता. आपल्या आडव्या सरकणाऱ्या खिडकीत तो काही बसेना, शिवाय तिथली वीज १२० व्होल्टची.

आपल्याकडे सोपा मार्ग म्हणजे ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याला बोलवा. एका तावदानाची काच काढून तिच्या जागी वॉटरप्रूफ प्लाय किंवा ॲक्रिलिकची शीट बसवायची, तिला गोल भोक पाडून पंखा घट्ट करायचा. काच जपून ठेवा, घर सोडताना परत बसवता येते. भाड्याच्या घरात मालक याला सहसा नाही म्हणत नाहीत. पंख्याभोवती फट राहू देऊ नका, नाहीतर बाहेर टाकलेली हवा फटीतून परत येते. आणि शटरचा पंखा घ्या. पंखा बंद असताना शटरच्या पट्ट्या मिटल्या नाहीत तर कबुतरं दोन दिवसांत काड्या आणून टाकतात.

बसवल्यावर तिथल्या तिथे दिशा तपासा. आमच्याकडे आलेल्या माणसाने पंखा उलटा बसवला होता. संध्याकाळी फोडणी टाकली आणि कांदा-लसणाचा वास थेट देव्हाऱ्यापर्यंत गेला. तारा उलट जोडून असे पंखे उलटे फिरत नाहीत, उलटा बसवलेला पंखा काढून सुलटाच बसवावा लागतो.

टेबलफॅन खिडकीत ठेवला तर चालेल?

चालेल, आणि प्रयोग म्हणून आधी हेच करा. खिडकीला चिकटवून मात्र ठेवू नका. दोन-अडीच फूट मागे ठेवून तोंड बाहेर करा. झोत आजूबाजूची हवाही सोबत ओढून नेतो, त्यामुळे पंखा एकटा टाकेल त्यापेक्षा जास्त हवा बाहेर जाते. आठवडाभर करून बघा, फरक पडला तर मग एक्झॉस्टचा खर्च करा.

मुंबई, ठाणे, कोकणात याचा उपयोग होतो का?

पुण्याइतका नाही, हे स्पष्टच सांगते. मे महिन्यात मुंबईत दुपारी ३३-३४ आणि पहाटे २७. सहा-सात अंशांच्या फरकात स्लॅब फारसा उतरत नाही. वर हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि पंखा ती दमट हवाच आत आणतो. तिथे अंगावरच्या वाऱ्याला पर्याय नाही, म्हणून छताचा पंखा पहिला.

तरी निरुपयोगी नाही. मुंबईतल्या बंद फ्लॅटमध्ये स्वयंपाक, फ्रिज, टीव्ही आणि चार माणसं मिळून घर बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंशांनी सहज तापतं. ती वरची ऊब पंखा नक्की काढतो. पोळ्या करताना आणि त्यानंतर अर्धा तास लावाच. जुन्या चाळीत पुढे गॅलरीचं दार आणि मागे खिडकी समोरासमोर असायची, हवा आरपार जायची. फ्लॅटमध्ये ती वाट पंख्याने करून द्यावी लागते. कोकणातल्या कौलारू घरात तर गरम हवा कौलांच्या फटींतून आपसूक निसटते. त्याच घरावर स्लॅब टाकला की उन्हाळा अंगावर यायला लागतो, आणि मग पंख्याची चौकशी सुरू होते.

आणि नागपूर, अकोला, चंद्रपूरला?

दिवसा विसरा. ४३-४४ च्या झळा आत ओढून काय करायचंय? तिथे दिवसाचा राजा कूलर. हवा कोरडी असते, पाण्यातून जाताना पाण्याची वाफ होते आणि ४२ ची हवा २७-२८ पर्यंत उतरते. रात्र तिथेही ३० च्या आसपास उतरते आणि स्लॅबखालची खोली ३६-३७ ला असते, तेव्हा रात्रीचा पंखा तिथेही कामाचा.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक खास उपयोग आहे. कूलर खोलीत हवा भरत राहतो, ती बाहेर जायला वाट नसली तर दोन तासांत खोली चिकचिकीत होते. कूलरच्या समोरच्या बाजूला उंचावर छोटा एक्झॉस्ट लावा. दमट हवा बाहेर पडते आणि कूलर पुन्हा पहिल्यासारखा लागतो. अमरावतीच्या मावशीकडे हा बदल केला, तेव्हा पाणी तेच, पॅड तेच, पण रात्री पाठ चिकटायची थांबली.

एकच खिडकी असेल तर?

पंखा खिडकीच्या वरच्या भागात, बाहेर फेकणारा, आणि हवा यायला दार. दाराला जाळीचा दरवाजा असेल तर उत्तम. दारही उघडं ठेवता येत नसेल तर खिडकीचा खालचा भाग उघडा ठेवा. थोडी हवा घुटमळून परत जाईल, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

पंख्यासमोर बर्फ किंवा खिडकीत ओली चादर?

बर्फाने समोर बसलेल्याला घटकाभर गार वाटतं, घराला काही नाही. शिवाय तो बर्फ करताना फ्रिजने त्याहून जास्त ऊब त्याच घरात सोडलेली असते. ओली चादर पुण्यात, छत्रपती संभाजीनगरकडे, कोरड्या रात्री चालते. वाळ्याचे पडदे त्याच तत्त्वावर होते, आणि वास काय सुंदर! मुंबईत करू नका, गाद्यांना बुरशी येईल.

बिल किती येतं?

५० वॅटचा पंखा रात्री नऊ तास चालला तर अर्धा युनिटही होत नाही.

एसी आहे. तरी पंखा हवा का?

दोन्ही एकाच वेळी लावू नका, पैसे देऊन गार केलेली हवा बाहेर जाईल. पण संध्याकाळी घरी आल्यावर, बाहेर गार झालं असेल तर, आधी वीस मिनिटं पंखा लावून कोंडलेली हवा काढा आणि मग एसी लावा. एसीला सुरुवातीची धाव कमी पडते. आणि मार्चच्या, जूनच्या कित्येक रात्री एसीची गरजच पडत नाही.

घरात गॅस गीझर आहे. काही काळजी घ्यावी लागते का?

हो, आणि हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी मी सांगतेच. बाहेर हवा फेकणारा जोरदार पंखा चालू आहे आणि सगळ्या खिडक्या बंद आहेत, असं झालं तर पंखा मिळेल तिथून हवा खेचतो. बाथरूममध्ये गॅस गीझर पेटलेला असेल तर त्याच्या जळण्यातून निघालेला वायू बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि अंघोळीला गेलेलं माणूस आवाजही न करता कोसळतं. आमच्या ओळखीच्या घरात एक मुलगी थोडक्यात वाचली. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर नसावाच. तो चालू असताना मोठा पंखा बंद ठेवा, आणि पंखा चालू असेल तेव्हा हवा आत यायला निदान एक खिडकी पुरती उघडी ठेवा.

डास, धूळ आणि धूर?

हवा जिथून येते त्या खिडक्यांना डासांची जाळी लावा. जाळीने हवा थोडी अडते, आणि धुळीने भरलेल्या जाळीने फारच अडते. दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा, झोताचा फरक हाताला कळेल. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, त्यामुळे फक्त रात्रीपुरती जाळी लावून भागत नाही. शेजारी कुणी कचरा पेटवला तर पंखा लगेच बंद करा. आमच्याकडे रस्त्याकडची खिडकी रात्री अकरानंतरच उघडते, तोवर मागच्या कडुलिंबाच्या बाजूची.

घरात म्हातारी माणसं आहेत. किती उकाड्यात पंख्यावर विसंबू नये?

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाची ऊब नेण्याऐवजी अंगाला ऊब देऊ लागतो, तारतो तो फक्त घाम. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, तहानही लवकर कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर पंखा वापरू नये, त्याने शरीर उलट तापतं. अशा वेळी ओल्या फडक्याने अंग पुसा, गार पाणी पाजा, घरातल्या सगळ्यात गार खोलीत किंवा कुणाकडे एसी असेल तिथे न्या. बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपतेय असं वाटलं, अंग तापलेलं लागलं, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

दिवसा पंखा कधीच लावायचा नाही का?

एक अपवाद आहे, वळवाचा पाऊस. मेच्या दुपारी आभाळ भरून येतं, आधी धुळीचं वावटळ उठतं, तेव्हा खिडक्या बंदच ठेवा. धूळ बसली, पहिल्या टपोऱ्या सरी पडल्या की बाहेरचं तापमान पंधरा-वीस मिनिटांत दहा अंशांनीसुद्धा खाली येतं. तेव्हा घड्याळाकडे न बघता पंखा लावा आणि लांबची खिडकी उघडा. ओल्या मातीचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि आई खोलीतून विचारते, "पाऊस लागला वाटतं?"